छोट्या विमानाचे पार्ट मागवताना या चुका टाळा

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मोठी विमानं उतरतात, शेजारच्या मिहान प्रकल्पात विमानदुरुस्तीचं केंद्र (एमआरओ) आहे. मग तुमच्या छोट्या सेसना विमानाचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्या प्लगला ठिणगी देणारा भाग, नागपुरात का मिळत नाही, असं बरेच जण विचारतात. तिथलं काम मुख्यतः मोठ्या प्रवासी जेट विमानांचं आहे. चार आसनी, पिस्टन इंजिनाच्या सेसना १७२ चं जवळपास सगळं सामान बाहेरून, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतं. चुकीचा पार्ट आला तर इतवारीच्या बाजारात जाऊन बदलून आणता येत नाही. विमान हँगरमध्ये उभं राहतं, आणि भाडं, विमा चालूच राहतो. आम्ही तिघांनी मिळून घेतलेल्या विमानाच्या बाबतीत यातल्या बऱ्याच चुका माझ्याकडून झाल्या आहेत.

बिघाड काय आहे ते नक्की न करता ऑर्डर देणे

इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी इंजिन १७०० आरपीएमवर ठेवून एकेका मॅग्नेटोवर चालवून पाहतात. आमच्या मॉडेलच्या हँडबुकप्रमाणे घट १२५ आरपीएमच्या आत हवी आणि दोन मॅग्नेटोंमधला फरक ५० च्या आत. एका सकाळी एका मॅग्नेटोवर इंजिन थरथरलं आणि काटा बराच खाली आला. मी त्याच दिवशी मॅग्नेटोचा भाव मागवला. आमचे एएमई (विमान देखभाल अभियंता) म्हणाले, "काऊन घाई करता भाऊ? आधी खालचे प्लग काढून पाहू ना." एका प्लगमध्ये शिशाचे बारीक मणी अडकले होते. प्लग साफ झाला, घट पुन्हा मर्यादेत आली.

तेव्हापासून मी आधी घट कशी आहे ते बघतो. इंजिन खडबडत असेल तर संशय प्लगवर किंवा त्याच्या वायरीवर. अशा वेळी जमिनीवरच मिक्श्चर पातळ करून (इंधन कमी, हवा जास्त) थोडा वेळ चालवलं तर प्लग कधी कधी आपोआप मोकळा होतो. इंजिन गुळगुळीत चालतंय, पण घट जास्त आहे, तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासायला सांगा. आणि घट अजिबातच नसेल तर आनंद मानू नका. त्या मॅग्नेटोची अर्थिंगची वायर, म्हणजे पी-लीड, तुटलेली असू शकते. मग स्विच बंद असतानाही तो मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने पंखा फिरवणाऱ्याच्या जिवावर बेततं. यातल्या एकाही गोष्टीला नवा मॅग्नेटो लागेलच असं नाही.

हातातून पडलेला प्लग मात्र परत बसवू नका. आतल्या सिरॅमिकची चीर बाहेरून दिसत नाही.

"सेसना १७२ चा" एवढंच सांगणे

१७२ चं उत्पादन १९५६ मध्ये सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर अजून चालू आहे. जुन्या विमानांची वीज १४ व्होल्टची, नंतरच्यांची २८. म्हणून अल्टरनेटर, रिले, लँडिंग लाइटचा बल्ब यांपैकी काहीही मागवताना विमानाचा आणि इंजिनाचा सीरियल नंबर आधी लिहा. विमान फ्रान्समधल्या रीम्स कारखान्यात बनलेलं असेल तर तेही कळवा. पार्ट्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक ओळीसमोर तो पार्ट कोणत्या सीरियल नंबरांना चालतो ते दिलेलं असतं. तो रकाना बरेच जण वाचतच नाहीत.

काही उपकरणं चालवण्यासाठी हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाला तर फिरण्याची दिशाही असते. सीसी म्हणजे घड्याळाच्या उलट, सीडब्ल्यू म्हणजे घड्याळाप्रमाणे. आतली पाती कार्बनची असतात, उलट दिशेने फिरली तर तुटतात. पंप बरोबर आला तरी काम संपत नाही. जुना पंप फुटताना कार्बनचा चुरा होजमध्ये शिरतो. आम्ही होज साफ न करता, फिल्टर न बदलता नवा पंप बसवला आणि तोही लवकरच गेला. दोन पंपांचे पैसे गेले, वर महिनाभर विमान जमिनीवर.

कागद नंतर पाहू म्हणणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. पार्ट कितीही चांगला असला तरी कागदाशिवाय तो विमानावर बसवता येत नाही. पार्ट वापरायला योग्य असल्याचा दाखला लागतो: अमेरिकेच्या विमान नियामकाचा (एफएए) फॉर्म ८१३०-३, युरोपच्या नियामकाचा (ईएएसए) फॉर्म १ किंवा आपल्याकडचा सीए फॉर्म १, यांपैकी एक. पैसे पाठवण्याआधी त्याची स्कॅन प्रत मागा आणि नीट वाचा. रकाना ११ मध्ये 'न्यू' लिहिलंय, 'ओव्हरहॉल्ड' की नुसतं 'इन्स्पेक्टेड'? सही रकाना १३ खाली आहे की १४ खाली? १३ नव्या उत्पादनासाठी, १४ दुरुस्तीनंतर सेवेत परत देण्यासाठी. फॉर्मवरचा सीरियल नंबर पार्टवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. विक्रेता "येलो टॅग (पार्टसोबतची पिवळी चिठ्ठी) आहे" एवढंच सांगत असेल तर थांबा. पिवळा रंग ही फक्त रूढी आहे, महत्त्व मजकुराला. ओव्हरहॉल केलेली वस्तू असेल तर ते काम करणारं केंद्र डीजीसीएच्या (भारताच्या विमान नियामकाच्या) नियमांत चालतं का, हे ऑर्डरआधी एएमईला विचारा.

पीएमए पार्टला डुप्लिकेट समजू नका. मूळ कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाने एफएएच्या मंजुरीने बनवलेला तो कायदेशीर पार्ट असतो, आणि पुष्कळदा स्वस्त पडतो.

बोल्टसारख्या स्टँडर्ड पार्टला सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी चालतं, पण तिथेही एका अक्षराने घोळ होतो. एएन३-५ आणि एएन३-५ए दोन्हींचा व्यास ३/१६ इंच, पण शेवटी 'ए' असलेल्या बोल्टच्या दांड्याला भोक नसतं. कॅसल नट आणि तो सुटू नये म्हणून भोकातून घालायची कॉटर पिन लावायची जागा असेल तर तो बोल्ट निरुपयोगी.

जुना पार्ट आणि कस्टम्स

एक्स्चेंजवर घेतलेल्या वस्तूसाठी 'कोअर'ची, म्हणजे परत द्यायच्या जुन्या पार्टची, अनामत भरावी लागते आणि जुना पार्ट ठराविक दिवसांत परत पाठवावा लागतो. निर्यातीच्या कागदांना वेळ लागतो, म्हणून मुदत वाढवून घ्या आणि ती लेखी घ्या. कार्बोरेटर पाठवत असाल तर पेट्रोलचा थेंबही राहता कामा नये, नाहीतर ते पार्सल धोकादायक माल ठरतं.

इनव्हॉइसवर नुसतं 'स्पेअर पार्ट्स' लिहू देऊ नका. पार्ट नंबर, विमानाचा प्रकार, एचएस कोड (कस्टम्सचा वस्तू-वर्ग क्रमांक), उत्पादनाचा देश, सगळं हवं. १५ जुलै २०२४ पासून विमानांच्या सुट्या भागांच्या आयातीवर काही अटींसह एकसमान ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आहे. तो दर मिळवायचा तर वस्तू विमानाचीच आहे हे कागदावरून दिसायला हवं.

आलेला माल हँगरमध्ये टाकून ठेवणे

खोका उघडल्या उघडल्या फॉर्म आणि पार्ट समोरासमोर ठेवून नंबर जुळवा, मगच सही करा. रबरी वस्तूंवर किंवा त्यांच्या पाकिटावर तयार झाल्याची तिमाही छापलेली असते. '२क्यू२४' म्हणजे २०२४ ची दुसरी तिमाही. जुनी तारीख असेल तर तिथेच हरकत घ्या. आणि ओ-रिंग, होज, डायफ्रॅम पत्र्याच्या हँगरमध्ये ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. आम्ही आता त्या मूळ पाकिटांसकट, कागद सोबत जोडून, घरी थंड आणि अंधाऱ्या कपाटात ठेवतो आणि बसवायच्या दिवशीच बाहेर काढतो.