फ्रान्सला मित्राकडे निघालात? या चुका टाळा

‘घर मित्राचंच, मग कागदपत्रं कशाला?’ असं म्हणत आधी विमानाची तिकिटं काढू नका. हॉटेलऐवजी कुणाच्या घरी उतरणार असाल, तर व्हिसासाठी ‘आतेस्तास्यों दाकय’ लागतं. यजमानाने स्वतः तिथल्या ‘मेरी’त, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन घ्यायचा हा दाखला. घराचे आणि उत्पन्नाचे कागद दाखवायचे, ठरलेल्या रकमेचा सरकारी स्टॅम्प भरायचा. अर्ज नामंजूर झाला तरी ते पैसे परत येत नाहीत. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, शिवाय मूळ प्रत कुरिअरने भारतात यावी लागते. मित्राला हे निदान तीन महिने आधी सांगा. तो आपल्यासाठी सुट्टी काढून रांगेत उभा राहणार असतो.

आमची चूक नावाची झाली. लिऑंमधला मित्र माझ्या कॉलेजचा. त्याने सवयीने अर्जात माझं माहेरचं आडनाव लिहिलं आणि पासपोर्टवर होतं सासरचं. बिचाऱ्याला पुन्हा खेप पडली. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आधीच पाठवा; नाव, नंबर, जन्मतारीख त्यावरूनच भरू दे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

दुसरी चूक बॅगेत असते. एप्रिल-मे म्हणजे हापूसचे दिवस, मित्रासाठी पेटी न्यावीशी वाटणारच. पण फळाला कीड-रोग नसल्याच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय आंबा युरोपात नेता येत नाही. फळमाशी सापडल्यामुळे 2014 च्या मेमध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयातच काही महिने बंद ठेवली होती. कढीपत्त्यालाही प्रमाणपत्राचाच नियम आहे. तूप, पेढे, खवा या दुधाच्या वस्तू तर प्रवासी सामानात चालतच नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, पोह्याचे पापड न्या. आमच्या मित्राने मेतकुटाची पुडी फोडून आधी नुसता वास घेतला, आणि मग लगेच भात टाकला.

तारखा ठरवताना मे महिना नीट बघा. 1 आणि 8 मे सुट्ट्या. ईस्टरचा दिवस धरून चाळिसाव्या दिवशी येणारा असेन्शनचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा, गुरुवार बहुधा मेमध्येच पडतो, आणि शुक्रवार जोडून लोक चार दिवस गावी जातात. तेव्हा रेल्वेची तिकिटं महागतात. पॅरिसला थांबणार असाल तर लूव्र संग्रहालय मंगळवारी आणि 1 मेला बंद असतं.

एप्रिलमध्ये स्वेटर हाताशी असू द्या.

मित्राच्या शेजाऱ्यांनी जेवायला बोलावलं तर शेवंतीची फुलं नेऊ नका. आपल्याकडे ती देवाला वाहतात; तिथे नोव्हेंबरमध्ये थडग्यांवर ठेवतात. 1 मेला मात्र ‘म्युगे’ची, छोट्या पांढऱ्या घंटांसारख्या फुलांची, जुडी रस्त्यावर सहज मिळते. त्या दिवशी ती शुभ म्हणून एकमेकांना देतात. तीच घ्या.