हंगाम फुलांचा : टबातलं औषध मापात आणि जपून

जानेवारी उतरणीला लागला की मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांना दिवस पुरत नाही. व्हॅलेंटाइनचा गुलाब १४ फेब्रुवारीच्या आत परदेशी बाजारात पोचवायचा आणि पाठोपाठ लग्नसराईसाठी जरबेरा, कार्नेशन, निशिगंध काढायचा. या धांदलीत पॅकहाउसमधल्या, म्हणजे फुलं निवडून बांधायच्या शेडमधल्या, टबात काय पडतंय, किती पडतंय, याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. काढलेली फुलं टिकावीत म्हणून याच टबात औषधाच्या पाण्यात उभी ठेवतात.

गेल्या हंगामात ओळखीच्या एका पॅकहाउसमध्ये मी उभा होतो. सकाळी जरबेऱ्यासाठी केलेलं क्लोरीनचं पाणी टबात तसंच होतं. गुलाब आले, म्हणून ग्रेडिंग करणाऱ्या एका ताईंनी त्याच टबात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, ओतलं. क्षणात उग्र वास सुटला. ताई खोकतच बाहेर पळाल्या, डोळ्यांतून पाणी थांबेना. चूक त्यांची नव्हती. हे दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुरटीच्या जातीचं अ‍ॅल्युमिनियम सल्फेटही आम्लधर्मी असतं, त्यामुळे तेही क्लोरीनच्या पाण्यात कधीच टाकू नका. क्लोरीनचा टब वेगळा ठेवा, त्याला रंगाची पट्टी मारा आणि कपाटातही ही औषधं शेजारी ठेवू नका.

आता मापाचं बघू. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. हे एकदा डोक्यात बसलं की झाकणाने मोजायची सवय सुटते.

जरबेरा आपण कापत नाही, पिळून ओढतो, त्यामुळे दांड्याच्या तळाशी कठीण, लालसर टाच राहते. तिच्यातून पाणी वर चढत नाही. धारदार चाकूने खालचा २-३ सेंटिमीटर भाग तिरका छाटा आणि मगच दांडा पाण्यात ठेवा. या पाण्यात ५० पीपीएम क्लोरीन पुरतं. ४ टक्के उपलब्ध क्लोरीनचं सोडियम हायपोक्लोराइट असेल, तर १०० लिटरला १२५ मिली. १० टक्क्यांचा कॅन असेल, तर ५० मिलीच. कॅनवरचा टक्का न वाचता माप टाकलं की दांडे पांढरे पडतात, जळतात, आणि सगळा लॉट हातचा जातो. क्लोरीन उन्हाने आणि घाणीने मरतं, म्हणून पाणी रोज बदला, आधी टब घासा. गढूळ पाण्यात औषध वाढवून काही साधत नाही.

गुलाबाची मान लवते ती बहुतेक वेळा दांड्याच्या नळ्या जिवाणूंनी तुंबल्यामुळे. पहाटे काढलेला गुलाब लगेच पाण्यात गेला पाहिजे, बांधावर पडून राहिलेल्या फुलाला कुठलंही औषध परत उभं करत नाही. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट ३०० पीपीएम, म्हणजे १०० लिटरला ३० ग्रॅम, डिजिटल काट्यावर मोजून घाला. बोअरचं पाणी जड असेल तर पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा, पट्टीने तपासा, ३.५ ते ४ च्या आसपास यायला हवा. पत्र्याची बादली नको, प्लास्टिकची घ्या. नुसती साखर घालू नका, तिच्यावर जिवाणूच पोसतात.

सगळ्यात जपायचं ते कार्नेशनचं सिल्व्हर थायोसल्फेट, आपल्या बोलण्यातलं एसटीएस. फळं पिकवणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन झोपतं, म्हणजे पाकळ्या मिटून कोमेजतं, ते चांदीमुळे थांबतं. शक्यतो तयार औषध घ्या आणि लेबलवरचीच वेळ पाळा, जास्त वेळ ठेवलं की पाकळ्यांवर तपकिरी डाग येतात. घरी करणाऱ्यांनी सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थायोसल्फेटच्या द्रावणात हळूहळू, ढवळत ओतायचं, उलट कधीच नाही. पाणी डिस्टिल्ड, भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, झाकून अंधारात. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की काळे डाग पडतात आणि डोळ्यात उडालं तर दृष्टीवर बेतू शकतं, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे नसतील तर बाटली उघडूच नका. वापरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेततळ्यात ओतायचं नाही. चांदीचे क्षार मासे आणि पाण्यातल्या जिवांना मारक आहेत. ते बंद कॅनमध्ये साठवा आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची ते औषध देणाऱ्यालाच विचारा.

कुठलंही औषध पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. उन्हाचा आलेला माणूस न बघता तोंडाला लावतो. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा. वास लागला तर मोकळ्या हवेत आणा. पोटात गेलं तर ओकारी काढायला लावू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांकडे जाताना औषधाचा कॅन सोबत न्या.

औषधातून काढलेली, ग्रेडिंगमध्ये बाद झालेली फुलं गुरांपुढे टाकू नका. त्यांच्या पाकळ्या गुलकंदाला किंवा ताटाच्या सजावटीलाही द्यायच्या नाहीत, शेजारच्या काकूंनी मागितल्या तरी.