घरातल्या जुन्या ठेव्यावर बेतलेलं लग्न: तयारी कशी करावी

इंदूरच्या मराठी घरांत जुनी पेटी उघडली की काय काय निघतं! माहेश्वरी लुगडी, तन्मणी, चांदीचं पंचपाळं, पितळी समया, पणजोबांची लग्नपत्रिका. हे सगळंच लग्नात मांडायचा मोह होतो, आणि मग मांडवाचं संग्रहालय होतं. त्यापेक्षा एकच वस्तू मुख्य धरा. रंग, फुलं, पत्रिका, सजावट हे सगळं तिच्यावरून ठरू द्या. लग्नाला भारदस्तपणा येतो तो अशा नेमकेपणामुळे.

मुहूर्ताच्या चार-सहा महिने आधी घरातल्या मोठ्यांना घेऊन बसा. कोणती वस्तू कोणाची, कोणी कोणाला दिली, हे वहीत लिहा. फोटो काढा. आत्या किंवा काकूंचा एखाद्या दागिन्यावर हक्क असेल तर त्यांना तेव्हाच विचारा. न विचारता घातलेल्या एका नथीवरून वर्षानुवर्षं अबोला राहिलेला असतो.

आता समजा, आजीचं माहेश्वरी लुगडं मुख्य धरलंत. माझी पसंती यालाच. माहेश्वरीच्या किनारीवरची चटई, ईंट, हिरा, लहर ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामातून आली आहे. तीच लहर पत्रिकेच्या कडेला छापा, तीच रांगोळीत आणि पंगतीच्या पाटांभोवती येऊ द्या. रंग लुगड्यातले दोनच घ्या. फुलंही त्याच रंगांची: शेवंती, झेंडू, जोडीला पांढरा निशिगंध. थर्माकोलचे चकचकीत खांब यात बसत नाहीत, ते टाळाच.

लुगडं नेसण्याजोगं आहे का, हे नीट पाहा. घडी उलगडून ती रेघ उजेडासमोर धरा. बारीक छिद्रांची रांग दिसली, तर नेसताना ते तिथेच फाटेल. अशा लुगड्याचा पदर अंतरपाटासाठी वापरा. मागे मऊ मलमल लावा, टाके हातानेच घाला. स्वस्तिक मात्र वेगळ्या सुती तुकड्यावर काढून वरून टाचा, कारण जुन्या रेशमावर पडलेला कुंकवाचा डाग निघत नाही. आजीच्या पदराआडून मुलगी नवऱ्या मुलाला पाहते, याहून सुंदर सजावट मला तरी ठाऊक नाही. लुगडं धड असेल तर सीमांतपूजनाला नेसा. लाजाहोमाच्या वेळी धूर आणि ठिणग्या असतात, तिथे नवा शालू बरा.

दागिन्यांचं काम घेऊन सराफ्यात दिवसाच जा, रात्री तिथे खाण्याची गर्दी असते. पॉलिशला देण्याआधी आणि परत घेताना वजन समोर करून घ्या, कारण पॉलिशमध्ये थोडं सोनं झिजतंच. मोहनमाळ किंवा बोरमाळेचे मणी लाखेने भरलेले असतील तर तसं आधी सांगा, उष्णतेने लाख वितळते. तन्मणी, चिंचपेटीचे मोती पटव्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून घ्या. नाक टोचलेलं नसेल तर जुन्या नथीची तार कापू नका, तिला दाबाची चाप लावून मिळते.

भांड्यांचं थोडक्यात. समया, घंगाळ, तांब्या हे चिंच-मिठाने घासलं की झालं. पितळी पातेल्यातून मठ्ठा किंवा कोशिंबीर वाढणार असाल तर आधी कल्हई हवीच. कल्हई करणारे आता कमी उरलेत, म्हणून त्यांना लवकर गाठा.

लग्नाच्या दिवशी या सगळ्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर टाका, म्हणजे वही, किल्ली आणि डबा एकाच हातात राहील. शक्यतो ती व्यक्ती फोटोत उभं राहावं लागणाऱ्यांपैकी नसावी.

दुसऱ्या दिवशी लुगडं सावलीत हवेवर पसरा, घाम सुकू द्या. मग जुन्या घडीवर घडी न घालता मलमलमध्ये गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. वहीत त्या वस्तूच्या नावापुढे नवरीचं नाव आणि लग्नाची तारीख लिहून टाका.