आर्टिकलशिपची दोन वर्षं: अकाउंट्स आणि कॉर्पोरेट टॅक्स एकत्र कसं शिकावं

सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी, फर्मची शोधाशोध सुरू होते आणि पहिल्याच मुलाखतीत विचारलं जातं, "ऑडिट की टॅक्स?" कॉर्पोरेट टॅक्समध्ये पुढे जायचं मनात असलेले बहुतेक जण लगेच टॅक्स सांगून मोकळे होतात. आमचा आग्रह असा, की दोन्ही मागा, आणि आधी ऑडिट, मग टॅक्स असा क्रम मागा. कंपनीचं कम्प्युटेशन (करपात्र उत्पन्नाचं गणित) नफा-तोटा पत्रकातल्या करपूर्व नफ्यापासून सुरू होतं. तो आकडा कसा तयार झाला, 'रिपेअर्स अँड मेंटेनन्स'च्या लेजरमध्ये नवी मोटर घुसली आहे का, मार्चअखेरच्या प्रोव्हिजन कशाच्या आधारावर टाकल्या, हे व्हाउचर उलटून पाहिलेलं नसेल तर कम्प्युटेशनमध्ये काय मिळवायचं आणि काय वजा करायचं हे सुचणारच नाही. मग दोन वर्षं युटिलिटीत, म्हणजे विवरणपत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडे भरण्यातच जातात.

आयसीएआय या सीएंच्या संस्थेची नवी योजना १ जुलै २०२३ पासून लागू झाली आणि आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. रजा वर्षाला १२, एकूण २४. यापेक्षा जास्त घेतली तर तेवढे दिवस शेवटी भरून द्यावे लागतात. दोन वर्षांत टॅक्स ऑडिटचे (प्राप्तिकर कायद्याखालच्या हिशेब तपासणीचे) सीझनही दोनच मिळतात: कंपन्यांचा टॅक्स ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि ट्रान्सफर प्रायसिंग (परदेशी समूह-कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहारांच्या किमतींचे नियम) लागू असेल तर विवरणपत्राला ३० नोव्हेंबर. म्हणून कधी रुजू होता याला फार महत्त्व आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रुजू झालात तर एप्रिल ते ऑगस्ट स्टॅच्युटरी ऑडिट बघता येतं आणि सप्टेंबरमध्ये त्याच क्लायंटचं टॅक्स ऑडिट हातात येतं. ट्रायल बॅलन्सपासून विवरणपत्रापर्यंतचा हा सलग प्रवास एकदा झाला, की दुसऱ्या सीझनला तुम्ही फाइल स्वतः उभी करू शकता. ऐन सप्टेंबरमध्ये रुजू झालात, तर पहिल्या दिवसापासून थ्री-सीडीची (टॅक्स ऑडिट रिपोर्टच्या तपशिलाच्या फॉर्मची) कलमं भरायला बसवतील. अशा वेळी निदान एका क्लायंटची पुस्तकं बघायला वेळ मागून घ्या.

फर्म निवडताना दोन गोष्टी खोदून विचारा. एकाच क्लायंटचं ऑडिट आणि टॅक्स हे दोन्ही एकाच आर्टिकलकडे येतं का? आणि डेफर्ड टॅक्सचं (पुस्तकं आणि कर यांतल्या तात्पुरत्या फरकांवर धरायच्या कराचं) वर्किंग फर्ममध्ये कोण करतं, की क्लायंटकडून आलेलं जसंच्या तसं स्वीकारलं जातं? मोठ्या फर्ममध्ये टॅक्सचा विभाग वेगळा असतो आणि ऑडिटचे क्लायंट बहुधा टॅक्सचे क्लायंट नसतात. तिथे ट्रान्सफर प्रायसिंग, परदेशी पेमेंट, इंड एएस (मोठ्या कंपन्यांची लेखा मानकं) असं खोल काम मिळतं, पण खातेवही नजरेस पडत नाही. पुण्यात चाकण-भोसरीच्या किंवा नाशकात अंबडच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या सांभाळणाऱ्या मध्यम फर्ममध्ये याच्या उलट असतं: टीडीएस चलनापासून नोटिशीच्या उत्तरापर्यंत सगळं हाताखालून जातं. कॉर्पोरेट टॅक्सचा पाया घालायला आम्हाला मध्यम फर्म जास्त योग्य वाटते. मोठ्या फर्ममध्येच जायचं ठरलं असेल, तर सुरुवातीचे सहा महिने ऑडिट टीममध्ये मिळतील का, हे रुजू होण्याआधीच ठरवून घ्या. नंतर मागून सहसा मिळत नाही.

नोंदणीचे फॉर्म १०२ आणि १०३ ३० दिवसांत गेले की नाही, हे स्वतः तपासा. फर्म करून टाकेल असं म्हणून सोडू नका, कारण आर्टिकलशिप संपल्यानंतर सहा महिने झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. नोंदणीची तारीख सरकली तर शेवटही सरकतो आणि सगळे अटेम्प्ट त्यावरच मोजले जातात.

आता प्रत्यक्ष काम. अकाउंट्स आणि टॅक्स कुठे जुळतात हे एका साध्या खरेदीवर पाहता येईल. कंपनीने ६,००,००० रुपयांचे संगणक घेतले आणि ते १० नोव्हेंबर २०२५ पासून वापरात आले. पुस्तकांमध्ये कंपनी कायद्याच्या शेड्युल दोनप्रमाणे संगणकाचं आयुष्य ३ वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत ५ टक्के धरली, तर सरळ रेषेच्या पद्धतीने वर्षाचा घसारा १,९०,००० येतो. ३१ मार्चपर्यंत १४२ दिवस होतात, म्हणून यंदाचा घसारा ७३,९१८. प्राप्तिकरात मात्र संगणकाचा दर ४० टक्के असला, तरी मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असल्यामुळे निम्माच, म्हणजे २० टक्के मिळतो: १,२०,०००. पुस्तकी किंमत उरली ५,२६,०८२ आणि कराच्या ब्लॉकमध्ये (एकाच दराच्या मालमत्तांच्या गटात) ४,८०,०००. फरक ४६,०८२. कंपनी कलम ११५बीएएखाली (कंपन्यांसाठीच्या कमी दराच्या पर्यायात) असेल तर अधिभार आणि सेससह दर २५.१६८ टक्के, त्यामुळे डेफर्ड टॅक्स लायबिलिटी ११,५९८ रुपये.

गणित सोपं आहे. चूक होते ती तारखेत. नवा आर्टिकल बिलाची तारीख उचलतो. बिल सप्टेंबरचं असेल तर १८० दिवस भरले असं समजून तो पूर्ण ४० टक्के लावतो. कर कायदा मालमत्ता वापरात आल्याची तारीख विचारतो आणि ती बिलावर नसते. ती इन्स्टॉलेशन रिपोर्टवर, गेट एंट्रीच्या रजिस्टरमध्ये किंवा आयटी विभागाच्या ईमेलमध्ये सापडते. फिक्स्ड अॅसेट रजिस्टरमध्ये या तारखेचा वेगळा कॉलम नसेल, तर ऑडिटच्या वेळीच तो करून घ्या. हाच कागद पुढे नोटिशीला उत्तर देताना लागतो.

थ्री-सीडीमध्ये ४४ कलमं आहेत. त्यांपैकी तीन-चार ठिकाणी खरी मेहनत असते आणि चुकाही तिथेच होतात.

पहिली जागा पीएफ-ईएसआय. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पष्ट केलं, की १९६१ च्या कायद्याखाली ही तारीख चुकली तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी भरूनही वजावट मिळत नाही. मालकाची वर्गणी मात्र कलम ४३बी खाली, म्हणजे प्रत्यक्ष भरल्यावरच वजावट देणाऱ्या कलमाखाली, येते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरली तर चालते, नाहीतर भरलेल्या वर्षात मिळते. टॅक्सवाल्याला दोन्ही 'डिसअलाउअन्स'च दिसतात, पण अकाउंट्सच्या बाजूने त्यात मोठा फरक आहे. कर्मचाऱ्याची वर्गणी कायमची गेली, म्हणून तिच्यावर डेफर्ड टॅक्स अॅसेट नाही. मालकाची वर्गणी पुढे परत मिळणार, म्हणून तिच्यावर आहे. पीएफचं लेजर पाहताना चलन कधी तयार केलं हे नका टिपू, पैसे प्रत्यक्ष कधी भरले गेले ते टिपा.

दुसरी जागा सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी, कलम ४३बी(एच). लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. या कलमाला विवरणपत्राच्या तारखेची सवलत नाही. माल स्वीकारला २० मार्चला, करारात मुदत ४५ दिवसांची आणि पैसे दिले ३० एप्रिलला: ४१ दिवस झाले, खर्च त्याच वर्षात मान्य. तेच पैसे १० मेला दिले तर ५१ दिवस होतात आणि खर्च पुढच्या वर्षात ढकलला जातो. म्हणजे ३१ मार्चची क्रेडिटर यादी घेऊन काम संपत नाही, एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंटही घ्यावं लागतं. प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागा आणि त्यात दोन गोष्टी पाहा: वर्ग आणि व्यवसायाचा प्रकार. मध्यम उद्योग या कलमात येत नाहीत आणि निव्वळ व्यापार करणारेही येत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा १० कोटी आणि लघु उद्योगाची १०० कोटी झाली, त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रावर विसंबून राहू नका.

तिसरी जागा टीडीएस. निवासी व्यक्तीला दिलेल्या रकमेवर कर कापला नाही तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम अमान्य होते, अनिवासीच्या बाबतीत पूर्ण १०० टक्के. यातला सर्वांत मोठा सापळा ३१ मार्चच्या प्रोव्हिजनमध्ये असतो. वकिलाचं बिल आलेलं नाही, म्हणून अकाउंटंट 'एक्स्पेन्सेस पेएबल'ला अंदाजे रक्कम टाकतो आणि बिल आल्यावर कर कापू असं ठरवतो. पण कापणी जमा किंवा पेमेंट यांपैकी जे आधी होईल त्यावर लागते, आणि सस्पेन्ससारख्या खात्याला केलेली जमासुद्धा त्यात धरली जाते. प्रोव्हिजनची यादी ऑडिटमध्ये तुम्हीच तपासलेली असेल, तर टॅक्स ऑडिटला ती तयार मिळते.

पुण्यातल्या जर्मन किंवा जपानी कंपन्यांच्या उपकंपन्यांचं काम मिळालं, तर परदेशी पेमेंटचा भाग वाट्याला येईल. तिथे करार आधी वाचायचा. "कर वगळून" रक्कम द्यायची असं त्यात असेल तर ग्रॉसिंग अप करावं (म्हणजे कर मिळवून रक्कम वाढवावी) लागतं आणि खर्चाचा आकडाच बदलतो. समोरच्या देशाचं कर-निवास प्रमाणपत्र आणि (१९६१ च्या कायद्याखाली) फॉर्म १०एफ हाती असल्याशिवाय कराराचा सवलतीचा दर लावू नका.

सगळं झाल्यावर एक तपासणी जरूर करा. ती करायला दहा मिनिटं लागतात आणि अकाउंट्स व टॅक्स दोन्ही समजल्याशिवाय ती जमत नाही. समजा, करपूर्व नफा ६ कोटी आहे. २५.१६८ टक्क्यांनी कर १,५१,००,८०० व्हायला हवा. आता कायमचे फरक घ्या: सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) खर्च ११ लाख आणि उशिरा भरलेली कर्मचाऱ्यांची पीएफ वर्गणी १ लाख, एकूण १२ लाख. त्यांच्यावर ३,०२,०१६. म्हणजे चालू कर आणि डेफर्ड टॅक्स मिळून १,५४,०२,८१६ च्या जवळ यायला हवं. घसारा, ग्रॅच्युइटी, बोनस हे तात्पुरते फरक दोन्ही बाजूंना एकमेकांना कापतात, ते इथे दिसत नाहीत. बेरीज जुळली नाही तर एखादा तात्पुरता फरक डेफर्ड टॅक्सच्या वर्किंगमध्ये राहून गेला आहे, किंवा मागच्या वर्षीच्या कराची जुळवाजुळव यंदाच्या आकड्यात मिसळली आहे. प्रिन्सिपलसमोर (ज्या सीएच्या हाताखाली शिकता त्यांच्यासमोर) फाइल ठेवण्याआधी हे वर्किंग वरच्या पानाला लावा.

११५बीएए पहिल्यांदाच निवडणाऱ्या कंपनीचा फॉर्म १०-आयसी विवरणपत्राच्या मुदतीत गेला पाहिजे. फक्त विवरणपत्रात टिक करून भागत नाही. एकदा निवड केली की परत फिरता येत नाही, त्यामुळे शिल्लक मॅट क्रेडिट (आधी भरलेल्या किमान पर्यायी करापैकी पुढे वजा करता येणारी रक्कम) किती आहे ते आधी पाहा. १९६१ च्या कायद्याखाली या पर्यायात ते वापरता येत नाही.

आगाऊ कर शिकायला १५ डिसेंबरचा हप्ता सर्वांत चांगला. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरायचे असतात. जून आणि सप्टेंबरला १२ आणि ३६ टक्के भरले तरी हप्ता कमी भरल्याचं व्याज लागत नाही. डिसेंबरला अशी मोकळीक नाही. आठ महिन्यांचा ट्रायल घेऊन वर्षाचा अंदाज बांधताना पूर्ण कम्प्युटेशन छोट्या रूपात करावं लागतं. हे वर्किंग मागून घ्या.

सध्या एक अडचण सगळ्यांचीच आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू झाला. त्यात ५३६ कलमं आहेत आणि आकारणी वर्षाऐवजी 'टॅक्स इयर' आहे. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र आणि आधीच्या वर्षांच्या सगळ्या आकारण्या १९६१ च्याच कायद्याने चालतात. म्हणजे सकाळी एप्रिलच्या बिलावर नव्या कलम ३९३ खाली टीडीएस आणि दुपारी जुन्या १९४जेवर (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसच्या कलमावर) नोटिशीचं उत्तर, असं एकाच टेबलावर होणार. वर्किंगच्या प्रत्येक पानावर वर्ष आणि कायदा वरच लिहायची सवय लावा. अभ्यासाची पुस्तकं घेण्याआधी तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे, हे आयसीएआयच्या सूचनेत पाहा.

अभ्यासाचं सांगायचं तर फायनलच्या डायरेक्ट टॅक्स पेपरमध्ये ३० गुण आंतरराष्ट्रीय करप्रणालीला आहेत, आणि देशांतर्गत फर्ममध्ये काम करणाऱ्यांचा हाच भाग कच्चा राहतो. फायनान्शियल रिपोर्टिंगमधलं इंड एएस १२ मात्र ऑफिसातच पक्कं होतं. एएस २२ खाली केलेलं डेफर्ड टॅक्सचं वर्किंग इंड एएसप्रमाणे पुन्हा करून बघा, उत्पन्नाच्या फरकावरून ताळेबंदातल्या किमतींच्या फरकाकडे विचार कसा वळतो ते कळेल. सेल्फ-पेस्ड मॉड्युलचे (आपल्या गतीने करायच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे) चारही संच फायनलपूर्वी पास व्हावे लागतात. ते जानेवारी ते मार्चच्या मोकळ्या दिवसांत उरका, सप्टेंबरवर ढकलू नका. आणि २४ पैकी निदान १५ रजा दुसऱ्या सीझननंतरसाठी राखून ठेवा.