भट्टी आणि बजी

गच्चीवरच्या खोलीत माझं मातीकाम चालतं. दोन बजींचा, म्हणजे छोट्या पोपटांचा, पिंजराही तिथेच, चाकाशेजारी. बिस्कची, म्हणजे कच्च्या भांड्यांच्या पहिल्या भाजणीची, भट्टी लावली त्या दुपारी मिठू चोच उघडी ठेवून, दर श्वासाला शेपटी वरखाली करत बसलेला. पिंजरा उचलला आणि धावत खाली नेला.

कच्ची भांडी तापताना मातीतला पालापाचोळा जळतो, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. पक्ष्यांना तो आपल्याआधी बाधतो. खाणीत कॅनरी पक्षी उगाच नेत नसत. हे मला ठाऊक होतं, तरी!

आता पिंजरा खालीच, जिन्याचं दार बंद. भट्टीची हवा एक्झॉस्टनं थेट बाहेर. केरसुणीनं सिलिकाची (मातीतल्या एका खनिजाची) धूळ उडते, म्हणून फरशी ओल्या फडक्यानंच पुसते. मातीचा अ‍ॅप्रन वरच काढते. मिठू पहाटेपासून कलकलतोय; शेजारच्या काकू वैतागल्यात.