सात आसनी गाडी घेताना आधी मागची रांग पाहावी
लातूरहून तुळजापूरला सहकुटुंब जाता यावे म्हणून सात आसनी गाडी घेणार असाल, तर सनरूफचा विचार करण्याआधी (मे महिन्यात ते आपल्याकडे तसेही बंदच राहते) तिसऱ्या रांगेत स्वतः बसून पाहावे. तेथील प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा सीटबेल्ट व डोक्याला आधार आहे का, आणि काचांच्या बाजूने उघडणाऱ्या कर्टन एअरबॅग तिथपर्यंत पोहोचतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. लहान मुलाचे आसन गाडीला घट्ट अडकवण्यासाठीची आयसोफिक्सची कडी बहुधा मधल्या रांगेतच असतात. टायरमधील हवा सकाळी, गाडी तापण्यापूर्वीच तपासावी. सातही जण व सामान असेल तेव्हा दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला दाब ठेवावा.