बीजीएमआयमध्ये दुसऱ्याचा कोड टाकू नका, भिंतीवर स्प्रे मारून आपली सेन्सी बसवा

मागच्या आठवड्यात मामेभाऊ रात्री दुकानावर आला. महालात माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. साडेनऊला शटर अर्धं पाडलं की आमचं बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा बंदुकीचा खेळ, सुरू होतं. हा टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "दादा, ३एक्स लावला की गोळ्या आभाळात चालल्या. काऊन होऊन राहिलं असं?"

३एक्स म्हणजे तिप्पट झूमचा स्कोप, बंदुकीवरची दुर्बीण. फोन हातात घेऊन पाहिलं. कुण्या नावाजलेल्या खेळाडूचा सेन्सिटिव्हिटी (सेन्सी) कोड, म्हणजे बोट किती हललं की निशाणा किती हलावा याचे तयार आकडे, त्यानं जसाच्या तसा टाकला होता. तो खेळाडू चार बोटांनी खेळतो, जायरो, म्हणजे फोन झुकवून निशाणा धरायची सोय, कायम चालू ठेवतो. आमचा पोट्टा दोन अंगठ्यांवर खेळतो आणि जायरोला त्यानं कधी हातही लावला नाही. जायरोवाला रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बंदुकीचं वर उसळणं, फोन झुकवून खाली ओढतो, म्हणून त्याची बोटाची सेन्सी कमी असली तरी भागते. दोन अंगठेवाल्यानं तेच आकडे घेतले तर बंदूक वर जाणारच. त्यात पोट्ट्याची बोटं घट्ट्याची, फोनची स्क्रीनही लहान. कोड चुकीचा नव्हता, हात दुसरा होता.

सेटिंगमधल्या सेन्सीच्या पट्ट्यांचा अर्थ आधी नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. एडीएस म्हणजे स्कोप उघडल्यावरची सेन्सी, असं पोट्टे धरून चालतात. तसं नाही. गोळी चालत नसताना बोट फिरवलं की नजर किती वळेल, ते कॅमेऱ्याची पट्टी ठरवते, मग स्कोप उघडा असो की बंद. ट्रिगर दाबून ठेवला असताना बोट किती काम करेल, ते एडीएस ठरवतं. म्हणजे शत्रू शोधायला कॅमेरा आणि रिकॉइल आवरायला एडीएस. जायरोच्याही अशाच दोन पट्ट्या आहेत. फ्री लूक म्हणजे डोळ्याचं बटण दाबून आजूबाजूला पाहणं; त्यावर वेळ घालवू नका.

पट्ट्यांना हात लावायच्या आधी ग्राफिक्स पक्के करा. स्मूथ ठेवा आणि फ्रेम रेट फोनला झेपेल तेवढाच. एक्स्ट्रीम म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं. फोन ते सलग धरून ठेवत नसेल तर ४० वाला अल्ट्रा बरा. आज ६० आणि उद्या ४० असं झालं की तीच सेन्सी वेगळी वाटते.

आपल्या नागपुरात याहून मोठी अडचण उन्हाळ्याची आहे. नवतप्यात पारा ४५ च्या आसपास असताना फोन दोन मॅचमध्ये तापतो, स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि फ्रेम पडायला लागतात. मी एकदा मे महिन्यात अख्खी दुपार सेन्सी बसवली आणि रात्री थंड फोनवर खेळलो तर निशाणा प्रत्येक वेळी पुढे निघून जाई. तेव्हापासून नियम केला: एक मॅच खेळून फोन रोजच्यासारखा कोमट झाला की मगच सेन्सी बसवायची, आणि चार्जरची पिन काढून. कूलरसमोर बसत असाल तर दमट हवेनं बोटं चिकटतात, अंगठा मध्येच अडतो. बोटांना चिमूटभर टाल्कम लावा आणि काच सुती कापडानं पुसा. टेम्पर्डवर चरे असतील तर आधी तो बदला.

आता गेममधल्या ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या मैदानात, जा. पहिलं काम अर्ध्या वळणाचं. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, अंगठा स्क्रीनच्या उजव्या भागाच्या मधोमध ठेवा आणि एकाच ओढीत कडेपर्यंत न्या. तोंड बरोबर पाठीमागच्या बाजूला झालं पाहिजे. पुढे निघून गेलं तर कॅमेऱ्याची नो स्कोपची पट्टी ५ नं कमी करा, अर्धवट राहिलं तर ५ नं वाढवा. मामेभावाची ११० वर बसली, माझी ९५ वर आहे.

मग स्प्रे, म्हणजे ट्रिगर न सोडता सलग गोळ्या. एम४१६ बंदूक घ्या, एकही अटॅचमेंट (जोडसामान) लावू नका, फक्त रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याचा बिनझूमचा स्कोप. मोकळ्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर उभे राहा. पहिली मॅगझिन, ३० गोळ्या, अंगठा न हलवता रिकामी करा. छिद्रं कशी वर चढत जातात, ते डोळ्यांत भरून घ्या. तुम्हाला आवरायची आहे ती एवढीच चढण. दुसऱ्या मॅगझिनला अंगठा सरळ खाली ओढा, रोज ओढता तसाच, जोर लावून नाही. छिद्रं तरी वर चढली तर रेड डॉटचं एडीएस ५ नं वाढवा. जमिनीकडे उतरली तर ५ नं कमी. छिद्रांचा गोळा जमायला लागला की २-२ नं हलवा. मामेभावाच्या कोडात रेड डॉटचं एडीएस ३० होतं. ४५ ला स्प्रे निम्म्यापर्यंत टिकला, ६० ला पायाशी यायला लागला, आणि ५८ ला सगळी छिद्रं एका ताटलीएवढ्या जागेत आली. पोट्टा उठून उभाच राहिला.

छिद्रं डाव्या-उजव्या बाजूला पसरत असतील तर सेन्सीला हात लावू नका. ते काम कॉम्पेन्सेटर आणि अँगल्ड ग्रिप या अटॅचमेंटचं आहे. एकेएम बंदुकीवर सेन्सी बसवू नका. ती जास्त उसळते, आणि तिच्या हिशोबानं वाढवलेलं एडीएस एम४१६ ला जमिनीत घालतं.

रेड डॉट झाल्यावर ३एक्स, मग ४एक्स. झूम वाढला की तेवढ्याच बोटानं नजर जास्त हलल्यासारखी वाटते, म्हणून आकडे उतरत जातात. माझं ३एक्स २६ वर आहे आणि ४एक्स १९ वर. हे आकडे तुमचे नाहीत. फक्त उतार पाहा. ६एक्सनं स्प्रे मारायचा असेल तर त्याचा झूम आधी ३एक्सपर्यंत मागे ओढा.

जायरो शिकायचा असेल तर पहिले पंधरा दिवस 'स्कोप ऑन' ठेवा, कायम चालू नको. पट्टी ४०० पर्यंत जाते, पण नवख्यानं रेड डॉट २०० च्या आत ठेवून हळूहळू चढावं. आणि राजेहो, मेट्रोत बसून जायरो बसवू नका. तो फोनचं वळणं मोजतो; डबा वळला की तुमच्यासोबत फोनही वळतो आणि निशाणा आपोआप सरकतो. सीताबर्डीला जाता-येता मी जायरो बंदच करतो.

सगळं बसलं की सेटिंग क्लाउडवर चढवा आणि आठ दिवस एकही पट्टी हलवू नका. एक मॅच हरली म्हणून बदलायचं नाही. हाताला सवय लागायला तेवढा वेळ लागतोच. मी वहीत लिहून ठेवतो: तारीख, स्कोप, जुना आकडा, नवा आकडा. मामेभावालाही दुकानातलीच एक वही दिली. त्यात आता रेड डॉट ५८ आणि ३एक्स २८ लिहिलं आहे. ६एक्सची ओळ रिकामी आहे. रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन ती भरायला येतो म्हणाला.